पुण्यात नवे आहात? आधी मारुती पाठ करा

पुण्यात खोली घेतली, सामान लावलं की पहिल्याच आठवड्यात फोनवर असा पत्ता कानावर पडतो: "अलका टॉकीजपासून आत या, पत्र्या मारुतीच्या अलीकडे बोळ आहे, जुन्या छापखान्यासमोर. तिथं कुणालाही विचारा." यात घराचा नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, इमारतीचंही नाही. सांगणाऱ्याच्या मते मात्र याहून नेमका पत्ता असूच शकत नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबर असतं.

मी बार्शीहून १९९६ साली इथं आलो. पहिली नोकरी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात. हुद्दा मदतनीस, काम सायकलवरून प्रुफं पोचवण्याचं. लेखक, क्लासवाले, लग्नपत्रिका छापून घेणारे वधूपिते, सगळ्यांच्या दारात जावं लागे. त्या दोन वर्षांत जेवढं पुणं कळलं तेवढं पुढच्या पंचवीस वर्षांत स्कूटरवरून कळलं नाही. त्या भांडवलावर हे लिहितो आहे. भर जुन्या पेठांवर आहे, कारण नवा माणूस चकतो तो तिथं. बाणेर-हिंजवडीकडे सोसायटीचं नाव आणि गेट माहीत असलं की भागतं.

पायरी १ : घरनंबर आणि पिनकोड बाजूला ठेवा

कागदावरचा पत्ता म्हणजे एक आकडा, मग सदाशिव पेठ, मग पुणे ४११०३०. तो आकडा सिटी सर्व्हेचा, म्हणजे जमिनीच्या दप्तरातला. रस्त्यानं चालत गेलं की तो ओळीनं वाढत जाईल अशी आशा धरू नका. एका दारावर एक आकडा, चार दारं सोडून भलताच, हे नेहमीचं आहे. पिनकोडाचीही तीच तऱ्हा. ४११०३० मध्ये सदाशिव, नारायण आणि शनिवार अशा तिन्ही पेठा बसतात. पोस्टमनला तेवढं पुरतं, कारण त्याला माणसं ओळखीची असतात. तुम्हाला पुरत नाही.

वारांवरूनही अंदाज बांधू नका. सोमवार आणि मंगळवार पेठ शेजारीशेजारी आहेत खऱ्या, म्हणून शुक्रवारला लागून शनिवार असेल अशा भरवशावर निघालात तर मंडईच्या गर्दीत अडकाल. शुक्रवार दक्षिणेला, शनिवार नदीच्या अंगाला.

पायरी २ : एका रविवारी सकाळी एक फेरी मारा, पायी

वाहन नको. दुकानं उघडायच्या आत निघा, म्हणजे पाट्या आणि देवळं दिसतात, माणसांच्या पाठी दिसत नाहीत.

अलका टॉकीज चौकातून लक्ष्मी रोड धरा. (कागदोपत्री हा लोकमान्य टिळक चौक. या नावानं विचारलंत तर समोरचा क्षणभर विचारात पडेल.) सरळ चालत बाजीराव रोडपर्यंत या आणि उजवीकडे वळा. विश्रामबाग वाडा दिसेल, त्याची लाकडी नक्षीची सज्जावजा दर्शनी बाजू एकदा पाहिली की विसरत नाही. पुढं शनिपार. तिथून डावीकडे तुळशीबाग, मग मंडईचा तो टोकदार मनोरा. ही १८८६ सालची इमारत. मंडईपासून शिवाजी रोडनं डावीकडे वर, म्हणजे उत्तरेला, दगडूशेठ, लाल महाल, शनिवारवाडा. वाड्याकडून बाजीराव रोडनं खाली आलात की अप्पा बळवंत चौक, म्हणजे पुस्तकांचा बाजार. तिथून उजवीकडे केळकर रोडनं परत अलकाला.

रमतगमत दोन तास, मध्ये चहा धरून. या फेरीत सात-आठ ठिकाणं पायाखाली घालून घेतलीत की पेठांमधला जवळजवळ प्रत्येक पत्ता यांपैकी कुठल्यातरी एकापासून सुरू होतो हे ध्यानात येईल. अजून बोळांत शिरू नका. आधी कणा, मग फासळ्या.

बाहेरची चौकट म्हणजे मुठा नदी. डेक्कन, कर्वे रोड, कोथरूडकडचे जुने लोक पेठांत येताना "गावात चाललोय" म्हणतात. हे ऐकून कुठल्या खेड्याला निघालेत असं वाटून घेऊ नका, लकडी पुलापलीकडे निघालेत एवढाच त्याचा अर्थ. नदीवरचे पूल ओळीनं लक्षात ठेवा: वरच्या अंगानं राजाराम पूल, म्हात्रे पूल, एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, मग झेड ब्रिज आणि भिडे पूल एकमेकांच्या शेजारी, आणि खाली नवा पूल, डेंगळे पूल, संगम पूल. यातला भिडे पूल पात्रातच आहे म्हणाना. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो. "भिडे पुलावरून ये" हे वाक्य जुलै-ऑगस्टात ऐकलंत तर आधी पाण्याची चौकशी करा.

पायरी ३ : मारुती, विठोबा आणि गणपती यांची आडनावं शिका

पुण्यात मारुती किती याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पेठेपेठेत, तालमीतालमीत तो आहे. त्यामुळे "मारुतीजवळ राहतो" या सांगण्याला काडीचा अर्थ नाही, आणि म्हणूनच इथं प्रत्येक मारुतीला आडनाव पडलं. ही नावं गमतीची वाटतात, पण ती चेष्टा नाही, पत्ता आहे.

पत्र्या मारुती नारायण पेठेतला, देवळावरच्या पत्र्यावरून. जिलब्या मारुती तुळशीबाग-मंडईच्या बाजूला. कुणी म्हणतं तिथं जिलबीवाला बसायचा, कुणी म्हणतं देवाला जिलब्यांची माळ घालत. भिकारदास मारुती सदाशिव पेठेत. भिकारदास हे माणसाचं नाव आहे, भीक मागण्याशी संबंध नाही. सोन्या मारुती लक्ष्मी रोडला, सराफांच्या वस्तीत. तोच रस्ता धरून पूर्वेला गणेश पेठेत गेलात की डुल्या मारुती.

माझा सगळ्यात लाडका बटाट्या मारुती. हा शनिवारवाड्याच्या पटांगणापाशी आहे. मंडई बांधायच्या आधी भाजीबाजार वाड्यासमोर भरत असे. बाजार १८८६ नंतर मंडईत गेला, बटाटे गेले, गाडे गेले, आणि मारुती तेवढा बटाट्याचं नाव लावून मागं राहिला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उठून गेलेल्या बाजाराची खूण तुम्हाला आज कुणीतरी फोनवर सांगतं, हे एकदा कळलं की पुण्यातल्या पत्त्यांचा राग यायचा थांबतो.

विठोबांचंही तेच. पासोड्या विठोबा बुधवार पेठेत, तिथं पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार असायचा. निवडुंग्या विठोबा नाना पेठेत. इथं एक कामाची गोष्ट: आषाढीच्या वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला असते आणि माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला. नवे लोक "विठोबाच्या देवळात पालखी आहे" एवढंच ऐकून निघतात आणि दुसऱ्याच रांगेत तीन तास उभे राहतात.

गणपतींमध्ये कानाची परीक्षा आहे. मोदी गणपती आणि माती गणपती, दोन्ही नारायण पेठेत. फोनवर मागून रिक्षा वाजत असताना यातला कुठला ऐकलात याची खात्री करून घ्या, आणि "मोदी की माती?" असं सरळ विचारा, कुणी हसत नाही. तसंच खुन्या मुरलीधराचं. रिक्षावाल्याला हे नाव सांगताना माझी पहिल्यांदा जीभ अडखळली होती. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी रक्तपात झाला म्हणून हे नाव, असं सांगतात. रिक्षावाल्यानं काही न बोलता मीटर टाकला.

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. तुम्ही राहता तिथून दहा मिनिटांच्या चालीवरचे पाच देव शोधा. त्यांची नावं, दार कुठल्या दिशेला, समोर काय, एवढं डोक्यात ठेवा. दार कुठं आहे हे का महत्त्वाचं ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी ४ : जे नाही त्याचीही ओळख करून घ्या

पेरूगेटला पेरू नाही आणि गेटही नाही. पोलीस चौकी आहे. स्वारगेट, पूलगेट, क्वार्टर गेट, सगळीकडे गेट शोधत उभे राहाल तर संध्याकाळ होईल. लकडी पूल लाकडाचा नाही. तो पानिपतच्या वर्षी, १७६१ मध्ये, लाकडी होता. आता दगडी आहे आणि पाटीवर त्याचं नाव छत्रपती संभाजी पूल आहे. कर्वे रोडवर नळ स्टॉपला बस आहे, मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं आहे, फक्त नळ तेवढा दिसायचा नाही. पौड रोडवरचं वनाज हे मुळात एका कारखान्याचं नाव, आता मेट्रोच्या पाटीवर ते गावाच्या नावासारखं दिसतं. बसवर "मनपा" लिहिलेलं असतं तेव्हा ती नव्या पुलाजवळच्या महानगरपालिकेपाशी जाते. हे मला कंडक्टरला विचारावं लागलं होतं, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

आता माझी फजिती. ऑक्टोबरचा महिना, दिवाळी अंकाची घाई. मालकांनी प्रुफांचं पुडकं हातात दिलं: "प्रभातच्या मागं नेऊन दे. दारावर पाटी आहे." मी पुण्यात येऊन दोन महिने झाले होते आणि नुकताच डेक्कनच्या बाजूचा प्रभात रोड पाहून आलो होतो, त्यामुळे पुढचं ऐकायला थांबलोच नाही. सायकल दामटत लकडी पूल ओलांडला. प्रभात रोडला क्रमांकाच्या गल्ल्या आहेत, एकीसारखी दुसरी, झाडं, बंगले, कुत्र्यापासून सावधान. मी एकेक गल्ली आत जाऊन पाट्या वाचत होतो. दीड तासानं एका फाटकाशी फुलं तोडणाऱ्या आजींनी विचारलं, "काय रे, कुणाकडे?" मी नाव सांगितलं, प्रभातच्या मागं म्हणालो. आजी म्हणाल्या, "कुठलं प्रभात? रोड का टॉकीज?"

टॉकीज होतं. अप्पा बळवंत चौकात, आमच्या छापखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. घामाघूम होऊन पोचलो तेव्हा लेखकमहाशय पुडकं उलटंपालटं करून म्हणाले, "एवढ्या वेळात अंक बाजारात आला असता."

दोन्ही प्रभात एकाच मुळाचे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्याला आली. तिचा स्टुडिओ होता तिथं आता लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि जवळच्या रस्त्याला कंपनीचं नाव मिळालं. अप्पा बळवंत चौकातल्या थिएटरवर ते नाव २०१४ च्या अखेरपर्यंत होतं. मग ते मूळ मालकांकडे परत गेलं आणि किबे लक्ष्मी हे जुनं नाव पुन्हा लागलं. म्हणजे आता तुम्हाला तीन नावं माहीत हवीत: रस्ता, जुनं थिएटर, नवं नाव. आणि नवं नाव खरं म्हणजे जुन्याहून जुनं आहे.

त्या दिवसापासून मी दोन प्रश्न सोडले नाहीत. पहिला, खूण कुठलीही असो: "कुठलं?" दुसरा याहून महत्त्वाचा: "कुठपर्यंत गेलो म्हणजे पुढं गेलो असं समजू?" लोक घराच्या अलीकडची खूण न विचारता सांगतात. पलीकडची कुणी सांगत नाही, कारण त्यांना स्वतःला तिथवर जायची वेळ येत नाही. चुकणाऱ्याला तीच हवी असते. "हौद लागला तर मागं फिर" एवढं एक वाक्य हाती असेल तर माणूस निर्धास्त चालतो.

पायरी ५ : अलीकडे, पलीकडे, समोर, मागे

हे शब्द मराठी माणसाला शिकवायचे का, असं वाटेल. शिकवायला हवेत. "मारुतीच्या अलीकडे" म्हणजे कुणाच्या अलीकडे? सांगणारा स्वतः जिकडून रोज घरी येतो तिकडून तो मनातल्या मनात चालत असतो. तुम्ही उलट बाजूनं आलात की त्याचं अलीकडे हे तुमचं पलीकडे होतं. परवाचंच एक संभाषण, माझ्या भाचीचं, फोनवर:

"काकू, देवळाच्या अलीकडे ना?"

"हो गं, अगदी अलीकडे. निळं दार."

"मी अलीकडेच उभी आहे. निळं दार नाही."

"तू कुठून आलीस?"

"शनिपारावरून."

"अगं मग पलीकडे! मी अलकाकडून म्हणत होते."

म्हणून पत्ता घेताना पहिला प्रश्न "कुठं?" नव्हे, "कुठून येताना?" हा विचारा. डावं-उजवंही त्यावरच ठरतं.

"समोर" म्हणजे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, एवढं सोपं. "मागे" मात्र फसवं आहे. देवळाच्या मागे म्हणजे देवाच्या पाठीशी, म्हणजे दाराच्या विरुद्ध बाजूला. देवळाचं दार बोळात असेल आणि तुम्ही मोठ्या रस्त्यावर उभे असाल तर तुम्ही आधीच मागे आहात. तिसऱ्या पायरीत दार बघून ठेवा म्हटलं ते यासाठी.

बाकी शब्द भराभर. बोळ म्हणजे गल्लीहून अरुंद. समोरून स्कूटर आली तर एकानं पायरीवर चढायचं. आळी म्हणजे बहुधा एका धंद्याची वस्ती, आणि इथं डोळ्यांइतकाच कानाचा उपयोग होतो: कसबा पेठेत तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज आला की तांबट आळी आली, पाटी वाचायची गरज नाही. पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा. शनिपार, नागनाथ पार. कधी झाड असतं, कधी नुसतं नाव. हौद हे पेशवाईतल्या पाणीपुरवठ्याची आठवण. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे. पाणी भरायला जिथं सगळी पेठ येते ती जागा पत्त्याला आपोआप चिकटते. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्याला जिथून दुसरा फुटतो तो: पौड फाटा, धायरी फाटा.

आणि "पाच मिनिटं" हे अंतराचं माप आहे, वेळेचं नाही. त्याचा अर्थ "फार नाही" एवढाच घ्या.

पायरी ६ : विचारायचं कुणाला

इस्त्रीवाला सगळ्यात उत्तम. त्याला घरं कपड्यांवरून माहीत असतात, कोण कुठल्या मजल्यावर तेही. त्याच्या खालोखाल पेपरवाला, दूध टाकणारा, आणि गणपती मंडळाच्या कट्ट्यावर बसलेले काका. मोबाइलच्या दुकानातला मुलगा नको; तो तुमच्याइतकाच नवा असतो. दुपारी जेवणानंतर दुकानदाराला हलवू नका. आणि दारावर "येथे पत्ता विचारू नये" अशी पाटी असेल तर ती खरी माना, विनोद म्हणून फोटो काढून मग बेल वाजवू नका.

फोन पुढं करून "हा पत्ता कुठंय?" असं विचारू नका. चष्मा काढावा लागतो, मग माणूस फोन परत देतो आणि "पुढं विचारा" म्हणतो. मोठी खूण आधी, छोटी नंतर, शेवटी माणूस: "काका, नागनाथ पाराजवळ वीणा शिकवणाऱ्या बाई राहतात, ते घर कुठलं?" नुसतं आडनाव घेऊन सदाशिव पेठेत शिरू नका. "जोशी कुठं राहतात?" याचं उत्तर "कुठले?" असंच येणार. माणूस काय करतो ते सांगा. घर आपोआप सापडतं.

"सरळ नाकासमोर जा" असं झटकन उत्तर आलं तर सांगणाऱ्याचा हात बघा. हात ठाम एका दिशेला असेल तर त्याला माहीत आहे. हात हवेत गोल फिरला तर आभार माना आणि पुढच्या चौकात पुन्हा विचारा.

पायरी ७ : एकाच नावाची दोन ठिकाणं

वडगाव म्हणजे कुठलं? सिंहगड रोडला वडगाव बुद्रुक, नगर रोडला वडगाव शेरी, आणि लोणावळ्याच्या वाटेवर वडगाव मावळ. तिन्ही तीन दिशांना. आनंदनगर नावाचं मेट्रो स्टेशन पौड रोडवर आहे, पण सिंहगड रोडवरही आनंदनगर आहे, हिंगण्याच्या पुढं. मेट्रोनं उतरून सिंहगड रोडचं घर शोधणारे मी पाहिले आहेत. हिंगणे खुर्द सिंहगड रोडला, हिंगणे बुद्रुक म्हणजे कर्वेनगर, मध्ये नदी. पिंपळे तर तीन: सौदागर, गुरव आणि निलख. रिक्षात बसताना मुख्य रस्त्याचं नाव आधी घ्या, मग वस्तीचं. "सिंहगड रोड, आनंदनगर." एवढ्यानं अर्ध्या चुका टळतात.

पायरी ८ : फोनमधला नकाशा, आणि त्याला न कळणारं

नकाशा वापरा, मीही वापरतो. पण पेठांमध्ये पिन घराच्या पाठीमागच्या बोळात पडते. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीला कधी एकीकडे दार, कधी दोन्हीकडे. पिन दिसेपर्यंत नकाशा, शेवटची शंभर पावलं खुणेनं, असा हिशेब ठेवा.

गाडीवर असाल तर एकेरी रस्ते पाठ हवेत. शिवाजी रोड स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे, बाजीराव रोड उलट, वाड्याकडून खाली. लक्ष्मी रोड पूर्वेकडून अलकाकडे, विसर्जन मिरवणूक जाते त्याच दिशेनं. ती मिरवणूक आठवली की दिशा आठवते. वाहतूक पोलीस अधूनमधून बदल करतात, तेव्हा चौकातली पाटी शेवटी खरी.

काही ठिकाणी जुनी माणसं जुना रस्ता सांगतात. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि तिथं सगळं नव्यानं बांधलं. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्येच गेला. या दोन जागांबाबत "पुलाखालून डावीकडे" असं कुणी सांगितलं तर शेवटचे कधी गेला होता ते नम्रपणे विचारा.

गणपतीचे दहा दिवस वेगळेच. ज्या देवळाच्या खुणेनं तुम्ही रोज वळता ते मांडवामागं झाकलं जातं, रस्ते बंद होतात, आणि पत्ते मंडळांच्या नावानं सांगायला सुरुवात होते. त्या दिवसांत गाडी नदीपलीकडे ठेवून पायी या.

रस्ता पार हरवलात आणि फोनही बंद पडला तर मान वर करा. दक्षिणेला पर्वती, त्याहून लांब नैर्ऋत्येला सिंहगड, त्याच्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून ओळखू येतो. पेठांत इमारतींमुळे डोंगर दिसत नाही, पण कुठल्याही पुलावर गेलात की दिसतो.

पायरी ९ : स्वतःची खूण ठरवा

आता तुमचा पत्ता सांगायची वेळ. खूण निवडताना एवढं बघा: ती दोन्ही बाजूंनी दिसावी, रात्री दहालाही ओळखू यावी, आणि उठून जाणारी नसावी. वडापावची गाडी नको, आज इथं उद्या तिथं. दुकानाची पाटी नको, भाडेकरार संपला की बदलते. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, पोलीस चौकी, मोठं वडाचं झाड, हे टिकतं. मग वाक्य असं बांधा: कुठून येताना, कुठली खूण, कुठल्या हाताला, आणि काय दिसलं तर परत फिरायचं. एकदा लिहून फोनमध्ये ठेवा, प्रत्येक पार्सलवाल्याला तेच पाठवा. नवा मित्र पहिल्यांदा येणार असेल तर त्याआधी आपणच एकदा खालून वर, अनोळखी माणसासारखं चालत यावं. आपल्याच घराची खूण आपल्याला किती कमी दिसते ते कळतं.

मी स्वतः हा नियम पाळत नाही. छापखाना बंद होऊन चौदा वर्षं झाली. त्या जागी इमारत उठली, खाली डोशाचं हॉटेल आलं. मी समोरच्याच बोळात राहायला आलो आणि तोंडात बसलेलं बसलंच. गेल्या आठवड्यात औषधं घेऊन येणाऱ्या पोराचा फोन आला.

"काका, पत्र्या मारुतीपासून आत आलो. छापखाना कुठंच दिसत नाही. इथं डोसा सेंटर आहे."

"तोच छापखाना. आता पाठ फिरव आणि बोळात ये."